जुन्या गाडीचे इग्निशन : पॉइंट ठेवावेत की इलेक्ट्रॉनिक बसवावे?

प्रीमियर पद्मिनी, अँबेसेडर, पेट्रोलवरील जुनी जीप आणि सुरुवातीच्या काळातील मारुती ८०० मराठवाड्यात आजही अनेकांच्या घरी आहेत आणि त्यांतील बऱ्याच गाड्या लग्नकार्याला, देवदर्शनाला, शेतावर नियमित जातात. अशी गाडी मिस मारू लागली किंवा उन्हात बंद पडली, की मालकाला एक सल्ला हमखास मिळतो : पॉइंट काढून टाका आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून घ्या. पॉइंट म्हणजे ठिणगीसाठी कॉईलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे धातूचे संपर्क; ते डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे प्रत्येक प्लगकडे क्रमाने ठिणगी पाठवणाऱ्या भागात, असतात. हा सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. पॉइंटच्या नावावर मांडले जाणारे बहुतेक दोष प्रत्यक्षात झिजलेल्या डिस्ट्रिब्युटरचे, हलक्या प्रतीच्या कॉन्डेन्सरचे (पॉइंटवरील ठिणगी शोषणारा छोटा डबा), सैल अर्थचे (गाडीच्या बॉडीशी असलेली विद्युत जोडणी) किंवा जुन्या वायरिंगचे असतात, आणि ते तसेच ठेवून वर इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल (पॉइंटऐवजी प्रवाह तोडणारा भाग) बसवले तर काही दोष झाकले जातात आणि काही त्या नव्या मॉड्यूललाच घेऊन जातात. म्हणून आधी डिस्ट्रिब्युटर व वायरिंग दुरुस्त करावे, मग पॉइंट नीट बसवून गाडी काही दिवस चालवून पाहावी आणि त्यानंतरच बदलाचा निर्णय घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

फरक नेमका कोठे आहे

बॅटरीचे १२ व्होल्ट प्लगच्या फटीत ठिणगी पाडू शकत नाहीत. त्यासाठी हजारो व्होल्ट लागतात. इग्निशन कॉईलच्या प्राथमिक वेटोळ्यातून प्रवाह वाहत असताना तिच्यात चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि तो प्रवाह एकाएकी तोडला की ते क्षेत्र कोसळून दुय्यम वेटोळ्यात हे उच्च व्होल्टेज निर्माण होते. प्रवाह नेमक्या क्षणी तोडणे एवढेच पॉइंटचे काम असते. चार्ल्स केटरिंग यांची ही रचना १९१० च्या कॅडिलॅक गाडीत आली आणि त्यानंतर कित्येक दशके जगभरातील पेट्रोल गाड्यांत तीच प्रामुख्याने वापरली गेली. आपण बाजारातून आणतो त्या इलेक्ट्रॉनिक किटमध्ये पॉइंटच्या जागी ट्रान्झिस्टर येतो आणि त्याला इशारा देण्यासाठी शाफ्टजवळ चुंबकीय पिकअप किंवा हॉल सेन्सर (चुंबक जवळ आल्याचे ओळखणारा भाग) बसतो. बाकी कॅप (डिस्ट्रिब्युटरचे झाकण), रोटर (आत फिरून ठिणगी वाटणारा भाग), एचटी वायर (प्लगकडे उच्च व्होल्टेज नेणारी वायर), प्लग आणि बहुतेक वेळा कॉईलसुद्धा जुनीच राहते. त्यामुळे कॅपला गेलेला तडा किंवा जळालेला रोटर हा दोष किट बसवल्याने जात नाही, हे पैसे खर्च करण्यापूर्वी समजून घेणे आवश्यक आहे.

पॉइंटवर किती काम पडते हे आकड्यांत पाहिले तर त्यांची झीज समजते. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरत असेल तर मिनिटाला ६,००० ठिणग्या, म्हणजे सेकंदाला १०० वेळा पॉइंट उघडतात व मिटतात; मारुती ८०० च्या तीन सिलिंडरच्या इंजिनात त्याच वेगाला हा आकडा ७५ होतो. सुमारे ३ ओहमच्या साध्या कॉईलमधून ४ अँपिअरच्या आसपास प्रवाह जातो आणि तो प्रत्येक वेळी पॉइंटलाच तोडावा लागतो. त्याच वेळी शाफ्टच्या कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजत जाते. टाच झिजली की पॉइंटमधील फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे सरकते. गाडीचा पिकअप हळूहळू कमी होणे, पेट्रोल जास्त लागणे, इंजिन पूर्वीपेक्षा गरम होणे ही त्याचीच लक्षणे आहेत. इलेक्ट्रॉनिक पद्धतीत घासणारा भागच नसल्यामुळे एकदा लावलेले टायमिंग फार काळ टिकते, आणि तिचा खरा फायदा हाच आहे. क्रायस्लर कंपनीने १९७३ च्या मॉडेलपासून अमेरिकेतील आपल्या सर्व गाड्यांत इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिले. त्या काळी कडक होत चाललेले धुराचे नियम पाळायचे तर टायमिंग वारंवार हाताने न लावता स्थिर राहणे गरजेचे झाले होते.

भरवशाचा विचार करताना मात्र ‘किती वेळा बिघडते’ याबरोबरच ‘कशा रीतीने बिघडते’ हेही पाहावे लागते. पॉइंट आधी सूचना देऊन बिघडतात : सकाळी सुरू होताना वेळ लागतो, चढावर इंजिन अडखळते, कधी पीयूसी तपासणीत हायड्रोकार्बनचा आकडा वाढलेला दिसतो. रस्त्यात बंद पडलीच तर फिलर गेज (फट मोजण्याची पातळ पाती), स्वच्छ कागदाची पट्टी आणि एक स्क्रू ड्रायव्हर यांवर गाडी पुन्हा सुरू होऊ शकते. इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल वर्षानुवर्षे त्रास देत नाही, पण गेले की बहुधा एकदम जाते आणि रस्त्यावर त्याची दुरुस्ती होत नाही. पुण्यात ही अडचण दुसऱ्या दुकानात गेल्यावर सुटते. भूम-परांड्याच्या रस्त्यावर रविवारी दुपारी ती सुटत नाही.

आधी डिस्ट्रिब्युटर व वायरिंग तपासावे

कॅप आणि रोटर काढून शाफ्टचे वरचे टोक बोटांनी धरून आडवे हलवून पाहावे. स्पष्ट खडखड जाणवत असेल तर बुश (शाफ्टला आधार देणाऱ्या धातूच्या नळ्या) झिजले आहेत. अशा शाफ्टवर पॉइंटची फट एका सिलिंडरला बरोबर आणि दुसऱ्याला चुकीची येते; कितीही काळजीने लावली तरी ती टिकत नाही आणि मालकाचा समज होतो की पॉइंटच वाईट आहेत. बुश बदलून देणारे चांगले लेथ कारागीर छत्रपती संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड येथील औद्योगिक वसाहतींच्या परिसरात शोधल्यास मिळतात. हे काम करून घेतलेला डिस्ट्रिब्युटर पॉइंटवरही उत्तम चालतो. इलेक्ट्रॉनिक सेन्सर शाफ्टची थोडी खडखड सहन करतो हे खरे, पण टायमिंगचा थरकाप तेव्हाही पूर्णपणे जात नाही.

त्यानंतर रोटर त्याच्या फिरण्याच्या दिशेने हाताने थोडा वळवून सोडावा. तो स्प्रिंगने लगेच मागे आला पाहिजे. मागे येत नसेल तर वेगाबरोबर टायमिंग पुढे नेणारी खालची वजने गंजाने किंवा सुकलेल्या ग्रीसने अडकली आहेत. व्हॅक्यूम नळीतून तोंडाने हवा ओढली असता बेस प्लेट (पॉइंट ज्यावर बसतात ती पट्टी) सरकली पाहिजे आणि ओढ धरून ठेवली तर ती तेथेच थांबली पाहिजे, नाही तर डायफ्राम (नळीच्या टोकाच्या डबीतील पडदा) फाटलेला आहे. बेस प्लेटबरोबर हलणारी बारीक लवचिक तार विशेष लक्ष देऊन पाहावी, कारण ती प्लास्टिकच्या आवरणाच्या आतून तुटते आणि वरून अखंड दिसते. गाडी एका वेगाला मिस मारते आणि दुसऱ्या वेगाला ठीक चालते, तेव्हा पुष्कळदा हीच तार दोषी असते.

वायरिंगसाठी एक साधा मल्टिमीटर पुरेसा आहे. इंजिन बंद, चावी चालू आणि पॉइंट मिटलेले अशा स्थितीत कॉईलच्या पॉझिटिव्ह टोकावरील व्होल्टेज मोजावे. बॅलास्ट रेझिस्टर (कॉईलकडे जाणारा प्रवाह मर्यादित ठेवणारा रोधक) नसलेल्या गाडीत ते बॅटरीच्या व्होल्टेजपेक्षा साधारण अर्ध्या व्होल्टपर्यंतच कमी असावे. त्याहून अधिक तूट असेल तर इग्निशन स्विच, फ्यूज बॉक्स किंवा जोड खराब आहेत. याच स्थितीत कॉईलच्या निगेटिव्ह टोकावर जवळजवळ शून्य व्होल्ट दिसले पाहिजेत. तेथे अर्धा-एक व्होल्ट दिसत असेल तर पॉइंटचा पृष्ठभाग, आतली तार किंवा डिस्ट्रिब्युटरचा अर्थ यांपैकी काहीतरी अडथळा करत आहे. ही चाचणी पाच मिनिटांची आहे, तरीही गॅरेजमध्ये ती क्वचितच केली जाते, आणि माझ्या मते संपूर्ण तपासणीत तिच्याइतकी उपयोगी दुसरी चाचणी नाही. मोजणी झाली की चावी बंद करावी, कारण पॉइंट मिटलेले असताना चावी चालू राहिली तर कॉईल तापत राहते.

स्टार्टर फिरत असतानाही कॉईलकडे येणारे व्होल्टेज मोजावे. हिवाळ्यात परभणीचा पारा एक अंकी आकड्यावर उतरतो; अशा सकाळी थकलेली बॅटरी आणि गंजलेली अर्थ पट्टी मिळून हे व्होल्टेज फार खाली आणतात. पॉइंट अशाही स्थितीत अशक्त का होईना ठिणगी देतात, पण काही इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल ८-९ व्होल्टच्या खाली कामच करत नाहीत. ज्या गाडीत अजून डायनामो (अल्टरनेटरच्या आधीचे चार्जिंग यंत्र) आहे, तिच्या मालकाने याकडे अधिक लक्ष द्यावे, कारण आयडलवर डायनामो फारच कमी चार्ज देतो.

पॉइंट बसवण्याची पद्धत

नवीन पॉइंटवर गंजरोधक तेलाचा थर असतो. तो पेट्रोलच्या किंवा स्पिरिटच्या फडक्याने पुसून टाकावा, अन्यथा पहिल्याच दिवशी तो जळून पृष्ठभाग काळा होतो. इंजिन फिरवून पॉइंटची टाच कॅमच्या सर्वांत उंच भागावर आणावी आणि फट मोजावी. ती बहुतेक गाड्यांत ०.३५ ते ०.५ मिलिमीटर यांच्या दरम्यान असते. अँबेसेडरच्या लुकास जातीच्या डिस्ट्रिब्युटरला ०.३६ ते ०.४१ मिलिमीटर सांगितले आहे, आणि इतर गाड्यांसाठी त्यांच्या पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा. फिलर गेजचे पाते हलक्या घर्षणाने सरकले पाहिजे. स्क्रू घट्ट केल्यावर फट पुन्हा मोजावी, कारण घट्ट करताना ती हमखास हलते, आणि शेवटी स्वच्छ कागदाची पट्टी पॉइंटमधून ओढून गेजचे तेल पुसून घ्यावे. कॅमवर उष्णता सहन करणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ थर लावावा. हा थर न लावल्यामुळे टाच झपाट्याने झिजते, आणि जास्त लावल्यास ग्रीस उडून पॉइंटवर जाते. आपल्याकडील काळ्या मातीची बारीक धूळ या ग्रीसला चिकटून बसते, त्यामुळे कॅपच्या क्लिपा नीट बसतात की नाही हे येथे विशेष पाहावे.

फट लावल्यानंतर टायमिंग लावावेच लागते, आधी नव्हे, कारण फटीतील प्रत्येक बदल टायमिंग हलवतो. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणून पुलीवरील खूण पुस्तिकेत दिलेल्या अंशावर जुळवावी आणि १२ व्होल्टचा छोटा बल्ब कॉईलचे निगेटिव्ह टोक व अर्थ यांच्यामध्ये जोडावा. चावी चालू करून डिस्ट्रिब्युटर सावकाश फिरवावा; पॉइंट उघडताक्षणी बल्ब लागतो, तेथेच क्लॅम्प घट्ट करावा.

कॉन्डेन्सरविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण आज पॉइंटची जी बदनामी होते तिचा मोठा वाटा त्याच्याकडे जातो. साधारण ०.२० ते ०.२५ मायक्रोफॅरड क्षमतेचा हा छोटा डबा पॉइंट उघडताना होणारी ठिणगी शोषून घेतो आणि त्यामुळेच कॉईलमधील प्रवाह झटकन तुटतो. तो निकामी झाला की पॉइंटवर मोठी ठिणगी उडते, पृष्ठभाग निळसर-काळे पडतात आणि प्लगची ठिणगी पिवळट व अशक्त होते. पॉइंटच्या एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा तयार होत असेल, तर कॉन्डेन्सरची क्षमता त्या गाडीसाठी योग्य नाही असे समजावे. गरम झाल्यावर निकामी होऊन थंड झाल्यावर पुन्हा काम करणारे कॉन्डेन्सर मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि नवीन पाकिटातला म्हणून तो चांगलाच असेल असे मुळीच नाही. जुना कॉन्डेन्सर चांगला चालत असेल तर नवे पॉइंट घालताना तो उगाच बदलू नये, आणि नवा घातलाच तर जुना जपून ठेवावा. पॉइंटची तपासणी दर ५,००० किलोमीटरला आणि वर्षातून किमान एकदा करावी.

किट निवडताना व बसवताना

बाजारात दोन प्रकार विचारात घेण्यासारखे आहेत. पहिल्या प्रकारात पॉइंट जागेवरच राहतात. त्यांतून फक्त अगदी थोडा प्रवाह जातो आणि कॉईलचा मोठा प्रवाह बाहेर बसवलेला ट्रान्झिस्टर तोडतो. यात पॉइंट जळत नाहीत, टाच मात्र झिजते. ट्रान्झिस्टर बिघडला तर एक-दोन वायर बदलून मूळ पद्धतीवर परत जाता येते, आणि आपल्या भागातील लांब पल्ल्यांचा विचार करता मला हा प्रकार फार मोलाचा वाटतो; तो आज सहज मिळत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. दुसऱ्या प्रकारात पॉइंट व कॉन्डेन्सर काढून हॉल सेन्सरचे छोटे मॉड्यूल कॅपखाली बसते आणि कॅमवर चुंबकांची कडी बसते. आपल्या इंजिनासाठी कंपनीनेच पुढील काळात दिलेला इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर मिळत असेल, तर कोणत्याही अनामिक किटपेक्षा त्याला प्राधान्य द्यावे.

बसवण्यापूर्वी गाडीचा अर्थ निगेटिव्ह आहे की पॉझिटिव्ह हे पाहावे. इंग्रजी बनावटीच्या काही जुन्या गाड्यांत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असते आणि निगेटिव्ह अर्थसाठी बनवलेले मॉड्यूल अशा गाडीत चावी फिरवताच जळते. नंतर कॉईलच्या प्राथमिक वेटोळ्याचा रोध ओहममध्ये मोजावा आणि किटसोबतच्या कागदावर दिलेल्या किमान रोधाशी ताडून पाहावा. कमी रोधाची कॉईल मॉड्यूलमधून प्रमाणाबाहेर प्रवाह खेचते. बॅलास्ट रेझिस्टर असलेल्या गाडीत मॉड्यूलला रेझिस्टरच्या आधीची, पूर्ण व्होल्टेजची वायर द्यावी. तांब्याच्या तारेच्या जुन्या एचटी वायर काढून रोध असलेल्या कार्बनच्या वायर लावाव्यात, कारण तांब्याच्या वायरमधून निघणारा विद्युत उपद्रव सेन्सरला गोंधळात टाकतो आणि गाडी विनाकारण अडखळते.

बॅटरीचे निगेटिव्ह टोक सोडवून, रोटरची दिशा व डिस्ट्रिब्युटरची जागा खुणेने नोंदवून मगच पॉइंट काढावेत. चुंबकाची कडी कॅमवर शेवटपर्यंत बसली पाहिजे. ती वर राहिली तर रोटर उंचावतो आणि कॅपच्या आत घासतो. मॉड्यूलच्या वायर फिरत्या भागांना लागणार नाहीत आणि व्हॅक्यूमने बेस प्लेट सरकताना ताणल्या जाणार नाहीत, एवढी मोकळीक ठेवावी. डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीपासून इंजिनपर्यंत अर्थ पक्का असावा. यानंतर टायमिंग बल्बने नव्हे, तर टायमिंग लाइटने (ठिणगीबरोबर चमकून पुलीवरील खूण दाखवणारा दिवा), इंजिन आयडलवर ठेवून आणि व्हॅक्यूम नळी काढून तिचे तोंड बंद करून लावावे. यापुढे इंजिन बंद असताना चावी चालू ठेवून रेडिओ ऐकण्याची सवय सोडावी, कारण कित्येक साध्या मॉड्यूलमध्ये त्या वेळी कॉईलमधून प्रवाह सतत वाहत राहतो आणि कॉईल व मॉड्यूल दोन्ही तापतात. ठिणगी पाहण्यासाठी एचटी वायर हवेत मोकळी धरून इंजिन फिरवण्याची जुनी पद्धतही बंद करावी. वायरला जादा प्लग लावून तो इंजिनच्या धातूला टेकवून ठेवावा.

उन्हात बंद पडणारी गाडी

मे महिन्यात नांदेड-परभणीकडे पारा ४२-४४ अंशांवर असतो आणि बोनेटखालील उष्णता त्याहून कितीतरी अधिक असते. गाडी थांबवल्यानंतर पंख्याचा वारा बंद होतो आणि काही मिनिटे ही उष्णता उलट वाढते, म्हणून चहासाठी थांबून परत निघताना गाडी सुरू न होण्याचा अनुभव येतो. त्याची कारणे मुख्यतः दोन असतात. कॉईल, कॉन्डेन्सर किंवा मॉड्यूल उष्णतेने निकामी झालेले असते. नाही तर पेट्रोल पंपात किंवा पाइपमध्ये पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह अडलेला असतो. अर्ध्या तासाने दोन्ही दोष आपोआप नाहीसे होतात, त्यामुळे गॅरेजमध्ये काहीच सापडत नाही आणि अंदाजाने भाग बदलले जातात.

म्हणून तपासणी गाडी बंद पडताक्षणी, गरम असतानाच करावी. आधी एअर क्लीनर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात पाहत अॅक्सिलरेटर दाबावा. पेट्रोलची धार दिसली नाही तर दोष पेट्रोलकडे आहे आणि पंपावर ओले फडके ठेवल्याने गाडी सुरू होईल. धार दिसत असेल तर एअर क्लीनर परत बसवून जादा प्लग इंजिनला टेकवावा आणि स्टार्टर मारून ठिणगी पाहावी. इंजिनाजवळ पेट्रोल सांडलेले असताना मात्र ही चाचणी करू नये. ठिणगी नसेल तर कॉईलवर ओले फडके ठेवून ती थंड करावी, पाणी कॅपवर जाऊ देऊ नये. तेवढ्याने ठिणगी आली तर कॉईल बदलावी. बॅलास्ट असलेली गाडी स्टार्टर फिरताना सुरू होऊन चावी सोडताच बंद पडत असेल, तर दोष जवळजवळ निश्चितपणे बॅलास्ट रेझिस्टर किंवा त्याच्या वायरमध्ये असतो.

कन्नडच्या औट्रम घाटात किंवा मांजरसुंब्याच्या चढावर मिस मारणारी आणि सपाटीवर उत्तम चालणारी गाडी वेगळी गोष्ट सांगते. भार वाढला की सिलिंडरमधील दाब वाढतो, ठिणगीसाठी अधिक व्होल्टेज लागते आणि अशक्त कॉईल, फाकलेल्या फटीचे प्लग किंवा तडा गेलेली कॅप तेथे उघडी पडते. पॉइंट आणि मॉड्यूल यांना हात लावण्यापूर्वी या तीन वस्तू पाहाव्यात.

कोणी काय ठेवावे

महिन्यातून एक-दोनदा बाहेर निघणाऱ्या गाडीला पॉइंटच पुरेसे आहेत, फक्त दीर्घ विश्रांतीनंतर कागदाच्या पट्टीने ते स्वच्छ करून घ्यावेत. रोज ५०-६० किलोमीटर चालणाऱ्या किंवा वारंवार लांब जाणाऱ्या गाडीला, बुश आणि वायरिंग ठीक करून घेतल्यानंतर, इलेक्ट्रॉनिक किट जरूर बसवावे. मुंबईतील काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमच्या हटल्या, त्यामुळे पद्मिनीच्या पॉइंट-कॉन्डेन्सरची मागणी आटणार हे उघड आहे; पद्मिनीच्या मालकांनी चांगल्या प्रतीचे दोन-तीन संच आजच घेऊन ठेवावेत. जेथे जवळच्या मेकॅनिकला टायमिंग लाइट वापरता येत नाही, तेथे किटचा आग्रह मी धरणार नाही.

किट बसवलेल्या गाडीच्या डिकीत जुनी बेस प्लेट, फट आधीच लावून ठेवलेले पॉइंट व कॉन्डेन्सर यांच्यासह, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावी. सोबत रोटर, फिलर गेज, बल्ब व वायर आणि एक प्लग असावा. रस्त्यात मॉड्यूल गेले तर चावी बंद करून ते काढावे, प्लेट जागेवर बसवावी आणि पॉइंटची वायर कॉईलच्या निगेटिव्ह टोकाला जोडून मॉड्यूलच्या दोन्ही वायर मोकळ्या करून गुंडाळाव्यात. इंजिनच्या खुणा जुळवून बल्बवर टायमिंग लावावे, इंजिनातून ठोका येत असेल तर डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवून टायमिंग मागे घ्यावे आणि घरी पोहोचेपर्यंत चढावर गाडी खालच्या गिअरमध्ये, जोर न देता चालवावी.